गाडीची बिनतारी किल्ली मुकी झाली तर

गेल्या पावसाळ्यात परीक्षेचे काम आटोपून रात्री नऊच्या सुमारास मी माझ्या गाडीपाशी आलो. गाडी तेरा वर्षांची. किल्लीवरचे बटण दाबले, गाडी मुकाट. पुन्हा दाबले, तरी तेच. शेजारी उभे असलेले एक गृहस्थ म्हणाले, "सर, रिमोट गेला. आता चार-पाच हजारांना मुकलात!" धातूची किल्ली दाराला लावून पाहिली, तर ती फिरेना, कारण कित्येक वर्षांत ती त्या छिद्रात गेलीच नव्हती. शेवटी एस.टी.ने घरी गेलो. दुसऱ्या दिवशी घड्याळजीकडून पन्नास रुपयांचा सेल आणून बसविला आणि गाडी बोलू लागली.

हे सांगण्याचे कारण इतकेच, की दोष नेमका कोठे आहे हे ठरविल्याशिवाय खिशात हात घालू नये. आणि ते ठरविणे वाटते तितके अवघड नाही.

रिमोट म्हणजे एक चिमुकले प्रक्षेपण केंद्रच होय. आपण ऐकता त्या एफएम वाहिन्या ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात असतात. पुष्कळ गाड्यांचे रिमोट ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास बोलतात, तर अमेरिका आणि जपानकडच्या गाड्यांचे बहुधा ३१५ वर. तेव्हा प्रश्न तीनच उरतात : बोलणारा बिघडला, मधली वाट बिघडली, की ऐकणारा बिघडला?

पहिली कसोटी दुसऱ्या किल्लीची. घरी जोडकिल्ली असेल तर ती दाबून पाहा. ती चालली, तर गाडी निर्दोष आहे आणि दोष आपल्या हातातल्या रिमोटचा आहे. दोन्ही चालत नसतील, तर गाडीकडे किंवा आसपासच्या हवेकडे संशय न्यावा.

रिमोटमध्ये दहांतून आठ वेळा गुन्हेगार सेलच असतो, असा माझा अनुभव आहे. सेल एकदम मरत नाही, आधी त्याचा आवाज बसतो. पूर्वी अंगणातून उघडणारी गाडी दाराशी गेल्यावरच उघडू लागली, की ओळखावे. थंडीच्या पहाटे ही लक्षणे अधिक दिसतात. पुष्कळ रिमोटांत सीआर २०३२ हा ३ व्होल्टचा चपटा सेल असतो. यातील २० म्हणजे व्यास २० मिलिमीटर आणि ३२ म्हणजे जाडी ३.२ मिलिमीटर. म्हणून सीआर २०१६ हा सेल तितकाच रुंद दिसला तरी निम्म्या जाडीचा असतो आणि जागेवर सैल बसतो. जुन्या सेलवरचा आकडा वाचूनच नवा आणावा, अधिक चिन्हाची बाजू कोणीकडे होती ते पाहून ठेवावे, आणि पितळी पट्टी सेलला नीट टेकते ना, तेही पाहावे.

येथे एक गैरसमज काढून टाकू. टीव्हीचा रिमोट मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरला तर त्याचा दिवा चमकताना दिसतो, कारण तो अवरक्त प्रकाशाने बोलतो. गाडीचा रिमोट रेडिओलहरींनी बोलतो, म्हणून कॅमेऱ्यात काही दिसले नाही तर तो मेला असे समजू नये. शिक्षकांनी हे दोन्ही प्रयोग वर्गात जरूर करून दाखवावेत.

सेल नवा घालूनही एकच बटण चालत नसेल, तर बटणाखालचा छोटा स्विच झिजलेला असतो, किंवा रिमोट वारंवार पडल्याने सोल्डरचा टाका सुटलेला असतो. मोबाइल किंवा रेडिओ दुरुस्त करणारा कारागीर हे काम करू शकतो. रिमोट पाण्यात भिजला, तर आधी सेल काढावा, मग तो उघडून सावलीत वाळवावा. चुलीजवळ ठेवू नये.

आता मधली वाट. एखाद्या ठरावीक जागी गाडी ऐकत नाही आणि शंभर पावले पुढे नेली की ऐकते, असे झाले तर तेथे दुसरे कोणी त्याच लहरींवर गलका करीत आहे असे समजावे. बिनतारी घंटा, फाटकाचे रिमोट वगैरे कित्येक वस्तू याच पट्ट्यात बोलतात. अशा वेळी दुरुस्ती लागत नाही, जागा बदलली म्हणजे झाले.

ऐकणाऱ्याची परीक्षा आत बसून करावी. सेंट्रल लॉकचे बटण आतून दाबा. दारे लागत नसतील, तर बिचाऱ्या रिमोटला दोष देऊ नका. फ्यूज, दारातली मोटार, किंवा गाडीची १२ व्होल्टची बॅटरी तपासावी. एखादे दार अर्धवट लागले असेल, किंवा किल्ली इग्निशनमध्ये राहिली असेल, तरी पुष्कळ गाड्या रिमोटचे ऐकत नाहीत.

सगळे ठीक असून गाडी ओळख देत नसेल तर? चोराने आकडा टिपून ठेवू नये म्हणून रिमोट दर वेळी नवा आकडा पाठवितो आणि गाडी त्याचा हिशेब ठेवते. घरातल्या पोराने दिवसभर बटण दाबून खेळ केला, की रिमोट पुढे निघून जातो. थोडे अंतर गाडी चालवून घेते. फार पडले तर गाडीजवळ उभे राहून लागोपाठ दोन-तीनदा दाबावे, कित्येकदा तेवढ्याने हिशेब जुळतो. नाही जुळला तर गाडीच्या पुस्तिकेतील रीत पाहावी. प्रत्येक गाडीची रीत निराळी असते, म्हणून शेजाऱ्याची रीत आपल्या गाडीवर चालवू नये.

शेवटी दोन गोष्टी. महिन्यातून एकदा दार धातूच्या किल्लीने उघडावे, म्हणजे अडल्या रात्री छिद्र जाम मिळणार नाही. जुन्या गाड्यांतील इमोबिलायझरची चिप बहुधा सेलवर चालत नाही, ती इग्निशनभोवतीच्या वेटोळ्यातून वीज घेते. म्हणून रिमोट मुका झाला तरी आत शिरता आले की गाडी सुरू होते. किल्लीने दार उघडताच भोंगा वाजला तर घाबरू नये. अनेक गाड्यांत इग्निशन चालू करताच तो थांबतो.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. काढलेला सेल टेबलावर टाकून ठेवू नका. तो मुलाने गिळला तर अन्ननलिकेत अडकून दोन तासांतही गंभीर भाजल्यासारखी इजा करतो, आणि रिमोटला न पुरणारा जुना सेलही त्याला पुरेसा असतो. अशी शंका जरी आली, तरी उलटी करवू नये, तडक मोठ्या दवाखान्यात न्यावे. रिमोट पुन्हा मिळतो. तेव्हा जुना सेल काढताच चिकटपट्टीत गुंडाळून मुलांच्या हाताबाहेर ठेवा, मगच नवा बसवा.