मुरगळलेला पाय

“कांहीं नाहीं, पाय नुसता मुरगळला आहे,” हें वाक्य ज्या घरांत कधीं ऐकूं आलें नाहीं, असें घर सांपडणें कठीण. त्यांतील ‘नुसता’ या शब्दांत मात्र मोठी फसगत दडलेली असते. ती आमच्याच घरीं कशी झाली हें प्रथम सांगून, अशा प्रसंगीं योग्य उपचार कोणता व तो केव्हां करावा, याविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आमचें बिऱ्हाड डोंबिवलीस; पंगतीला नऊ-दहा माणसें. धाकटी भावजय ठाण्यास एका शाळेंत शिक्षिका आहे. गेल्या श्रावणांत एका गुरुवारीं संध्याकाळीं ठाणें स्टेशनच्या ओल्या जिन्यावर तिचा उजवा पाय आंत वळला. कठड्याच्या आधारानें ती उठली, गर्दींतून गाडींत चढली आणि लंगडत कां होईना, घरीं आली. दुसरे दिवशीं जिवतीचा शुक्रवार, म्हणजे पुरणाचा स्वैंपाक. मातोश्रींनीं मायेनें आंबेहळदीचा कढत लेप घातला. सकाळीं ती ओट्याशीं उभी राहिली. शनिवारीं ओळखीच्या एका मालीशवाल्यानें पाय ओढून व चोळून दिला. रविवारीं तो बोटांपर्यंत सुजून काळानिळा झाला. सोमवारीं जवळच्या एका दवाखान्यांत, हाड कोठें दुखतें हें न चांचपतांच, पट्टी व गोळ्या मिळाल्या. बाराव्या दिवशींहि टाच टेकेना, तेव्हां आम्ही ठाण्याच्या एका अस्थिरोगतज्ज्ञांकडे गेलों. त्यांनीं बाहेरच्या घोट्याची मागची कड बोटानें दाबतांच ती कळवळली. क्ष-किरणांच्या छायाचित्रांत त्या हाडास बारीक चीर दिसली, आणि सहा आठवडे पाय आधारांत बांधून ठेवावा लागला.

“चालतां आलें, त्या अर्थीं हाड शाबूत आहे,” असा आम्हां सर्वांचा समज होता. तो खोटा ठरला. घोट्याच्या दोन्ही बाजूंस जीं टेंगळें हातास लागतात, तीं पायाच्या नळीच्या दोन हाडांचीं टोंकें होत. बाहेरचें टोंक आंतल्यापेक्षां अधिक खालीं उतरलेलें असतें. शिवाय बाहेरच्या बाजूचे अस्थिबंध आंतल्या बाजूच्या मानानें दुबळे. म्हणून पाऊल बहुधा आंतच वळतें व बाहेरचे बंध ताणले किंवा फाटले जातात. पुष्कळदां दुखापत तेवढ्यावरच थांबते. परंतु कधीं कधीं त्याच हिसक्यानें हाडहि तडकतें, आणि सूज दोहोंतहि सारखीच दिसते.

मग भेद ओळखावा कसा? कॅनडांतील ओटावा येथें डॉ. इयन स्टील व त्यांचे सहकारी यांनीं 1992 सालीं यासाठीं जे नियम प्रसिद्ध केले, ते आज जगभर वापरले जातात. घोट्यापाशीं वेदना असून कोणत्याहि एका टेंगळाच्या टोंकावर, किंवा त्याच्या मागच्या कडेवर टोंकापासून वर 6 सेंटिमीटरपर्यंत, हाड दाबल्यास दुखत असेल, तर छायाचित्र काढावें. त्याचप्रमाणें दुखापतीच्या वेळीं व तपासणीच्या वेळींहि चार पावलें टाकतां येत नसतील, तरी काढावें. लंगडत टाकलेलीं पावलेंहि येथें पावलेंच धरतात. पावलाच्या मध्यभागीं वेदना असल्यास, करंगळीमागील लांब हाडाचें बुंध व आंतल्या बाजूचें नौकेसारखें हाड हींहि दाबून पाहावींत. यांपैकीं कांहींच नसेल तर छायाचित्राचा खर्च बहुधा वांचतो. मात्र लहान मुलें, तसेंच मधुमेहानें ज्यांच्या पायाची संवेदना मंद झाली आहे अशीं माणसें, यांस हे नियम घरच्या घरीं लावूं नयेत; डॉक्टरांसच दाखवावें.

पहिले दोन-तीन दिवस पायास विसांवा द्यावा, तो उशीवर छातीहून उंच ठेवावा, व लवचिक पट्टी बेताची घट्ट बांधावी. बर्फ फडक्यांत गुंडाळून थोडा थोडा वेळ लावल्यास वेदना शमते. कढत शेंक व मालीश या दिवसांत वर्ज्य, कारण त्यांनीं आंतला रक्तस्राव व सूज वाढते. हाड शाबूत असल्याचें ठरल्यावर मात्र पाय महिनाभर गादीवर ठेवणेंहि चूकच. वेदना सोसेल तसतसें पाऊल हलवावें, चालावें, आणि पुढें कठड्यास धरून एका पायावर तोल सांवरण्याचा अभ्यास करावा. नाहींतर तोच पाय पुन्हां पुन्हां मुरगळतो.

हें वाचून घरांतील वडील मंडळींनीं आपल्या शास्त्राचा अधिक्षेप झाला असें मानूं नये. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानांत भग्न अस्थींचा स्वतंत्र अध्याय आहे. वड, पिंपळ, उंबर, पळस, अर्जुन यांच्या साली व वेळू यांच्या पट्ट्या आधारास बांधाव्या, बंध सैल असल्यास सांधा स्थिर राहत नाहीं व फार घट्ट असल्यास सूज व वेदना होतात, असें तेथें स्पष्ट सांगितलें आहे. आजचे डॉक्टरहि प्लॅस्टर घातल्यावर, बोटें निळीं पडलीं किंवा बधिर झालीं तर तत्काळ या, असें बजावतात. म्हणजे आमच्या घरीं जें घडलें त्याचा दोष परंपरेकडे जात नाहीं. न पाहतां ओढण्या-चोळण्याच्या घाईकडे जातो.

आपल्या भागांत सोयींची वाण नाहीं. ठाण्यास जिल्हा रुग्णालय, कळव्यास छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणास रुक्मिणीबाई रुग्णालय व डोंबिवलीस शास्त्रीनगर रुग्णालय हीं सार्वजनिक रुग्णालयें आहेत. पाय वांकडा दिसत असेल, हाडावर जखम असेल किंवा बोटें गार पडलीं असतील, तर तो सरळ करण्याच्या भरीस न पडतां 108 या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

पाय आधारांत असतांना एके दिवशीं आम्हीं भावजयीस विचारलें, “पहिल्याच दिवशीं कां नाहीं सांगितलें?” ती म्हणाली, “भावोजी, दुखत होतं हो. पण पुरण शिजायला घातलेलं, कुणाला सांगायचं?” या उत्तरानें आम्ही ओशाळलों. त्या शुक्रवारीं पुरणपोळी आम्हींहि आवडीनें खाल्ली होती, आणि ती कोण कशी उभी राहून लाटीत आहे, हें पाहण्यास आंत डोकावलों नव्हतों. सून, लेक वा घरची म्हातारी “कांहीं नाहीं” म्हणाली, तर त्या शब्दावर विसंबूं नये. तिच्या हातचें काम आधीं दुसऱ्यानें घ्यावें, तिला बसवावें, आणि मग पाय पाहावा. औषधोपचाराचा आरंभ तेथूनच होतो.