घरीं बांधलेला पंख



बडनेऱ्याजवळच्या बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ रोजीं मुंबईची प्रवासी विमानसेवा सुरू झाली आणि आगगाडीच्या या जुन्या जंक्शनास विमानहि ओळखीचें झालें. तीं विमानें प्रचंड कारखान्यांत तयार होतात. एखाद्या गृहस्थानें आपल्या घरीं विमान बांधावें, ही गोष्ट मात्र गारुडासारखी वाटते. पण ती खरी आहे. कॅप्टन अमोल यादव या मराठी वैमानिकानें मुंबईंत कांदिवलीस राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचें विमान बांधलें. २०१७ सालीं त्याची सरकारदरबारीं नोंद झाली आणि २०२० सालीं धुळ्यास तें आकाशांत चढलें. यादवांनीं आराखडाहि स्वतःच केला. परदेशांत सुट्या भागांचा संच विकत घेऊन मोटारखान्यांत विमान जुळविणारे हौशी लोक तर हजारोंनीं आहेत.

या कामाचा गाभा म्हणजे पंख. त्याच्या लांबीभर एक मजबूत तुळई असते; मुख्य भार ती पेलते. तिला आडव्या फासळ्या जोडतात. त्यांच्यामुळें पंखास फुगीर आकार येतो. त्यांवर सुमारें पाऊण मिलिमीटर जाडीचा पत्रा चढवितात. हा पत्रा म्हणजे नुसतें पांघरूण नव्हे. तुळई, फासळ्या व पत्रा मिळून एक बंद पेटी होते आणि पेटी सहजासहजीं पिळवटत नाहीं.

इतका पातळ पत्रा टिकतो कसा? १९०६ च्या सुमारास जर्मनींत आल्फ्रेड विल्म यानें ॲल्युमिनियमांत तांबें व थोडें मॅग्नेशियम मिसळून तो धातु तापविला आणि एकदम थंड केला. कांहीं दिवसांनीं पाहतो तों धातु आपोआप अधिक कठीण झालेला! त्याच कुळांतील पत्रा विमानास वापरतात. झाळकाम केल्यास उष्णतेनें ही कमावलेली ताकद जाते. म्हणून सांधा रिव्हेटांनीं करावयाचा.

रेल्वेच्या जुन्या लोखंडी पुलांवर अर्ध्या सुपारीसारखीं रिव्हेटांचीं डोकीं आपण पाहिलीं असतील. पंखाचे रिव्हेट त्यांहून फार बारीक. कांहींची जाडी अवघी अडीच मिलिमीटर. पण त्यांची संख्या हजारोंची. एकानें बाहेरून हातोडयंत्र चालवावयाचें आणि दुसऱ्यानें आंतून पोलादाचा ठोकळा धरावयाचा. म्हणून या कामांत घरांतील माणसांचीहि मदत लागते. चेपलेलें टोक रिव्हेटाच्या जाडीच्या दीडपट रुंद व निमपट उंच झालें, म्हणजे तो नीट बसला.

याहून अधिक जपावयाचें तें भोक. कापडवाला कांठाला कात्रीची लहानशी चीर देतो आणि मग सबंध कापड सरळ फाटत जातें. भोकाच्या कडेस राहिलेलें कुसळ किंवा ओरखडा हें त्या चिरेचेंच काम करतें. उड्डाणांत पंख वारंवार ताणला जातो व थरथरतो. सारा ताण त्या खांचेशीं गोळा होऊन तडा वाढूं लागतो. म्हणून प्रत्येक भोक दोन्ही बाजूंनीं गुळगुळीत करावें लागतें. २०२३ सालीं अमेरिकेंतील एका संच-कंपनीचीं भोकें लेझरनें कापलेलीं होतीं. रिव्हेटांचीं डोकीं पत्र्याशीं समपातळींत यावींत म्हणून कडा दाबतांना त्यांतील कांहींना तडे गेले आणि अनेकांना हातांतलें काम थांबवावें लागलें.

शेवटचा पत्रा चढला कीं पंख बंद होतो. मग आंतला वांकडा रिव्हेट सहसा कोणास दिसत नाहीं. सरकारी तपासनीस येतो. पण हरएक भोक पडतांना तो शेजारीं उभा नसतो. तेथें बांधणाराच तपासनीस. रात्रीं दहा वाजतां, हात थकले असतांना, बिघडलेला रिव्हेट गिरमिटानें काढून पुन्हां बसवावयाचा कीं 'चालेल' म्हणून पुढें जावयाचें, याचा निर्णय त्यास एकट्यानें करावा लागतो. अखेर याच दोन पंखांच्या मध्यें तो स्वतः बसणार असतो, आणि बहुधा त्याच्या शेजारीं, ठोकळा धरणारें त्याच्याच घरचें माणूस.