दीड व्होल्ट

मोहोळला पुणे-सोलापूर महामार्गालगतच्या एका पत्र्याच्या गाळ्यात बिस्किटांचा जुना डबा आहे. त्यात हेडलाइटचे बल्ब, गिऱ्हाइकांनी 'गेला' म्हणून काढून टाकलेले. हाताला काम नसलं की मिस्त्री त्यातला एकेक उचलून बॅटरीच्या दोन वायरींना लावून बघतो. बरेचसे लख्ख पेटतात. प्रस्तुत लेखकाचे पाय दुसऱ्यांदा तिकडं वळले ते या डब्यामुळं.

उसाचा हंगाम होता. टाकळी सिकंदरच्या भीमा कारखान्याचा हा तालुका. रात्री रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, आणि कित्येकींच्या मागं ना लाल दिवा, ना रिफ्लेक्टर. अशा रस्त्यावरून रोज घरी जाणारे एक काका जुनी जीप घेऊन आले.

"उजवा लाइट लई मंद हाय. महिन्यात तीन बल्ब बदलले बगा."

मिस्त्रीनं बॉनेटला हात लावायच्या आधी लाइट चालू ठेवून इंडिकेटर द्यायला सांगितलं. इंडिकेटर लुकलुकला, तसा उजवा हेडलाइटही त्याच तालात मिणमिणला. मिस्त्री गालात हसला. "बल्बाचा काय दोष न्हाई, काका."

होल्डर ओढून काढला आणि जळक्या प्लॅस्टिकचा कडवट वास गाळाभर पसरला. तीनपैकी एक पिन चॉकलेटी पडलेली, भोवतीचं प्लॅस्टिक वितळून चिकटलेलं. मधला बल्ब शंभर वॅटचा बसवला होता, हे तेव्हा कुठं काकांनी कबूल केलं. गाडीची वायर आणि होल्डर ६०/५५ वॅटच्या हिशेबानं केलेले; म्हणजे अपरला ६० नि डिपरला ५५. शंभराचा करंट त्यांना झेपला नाही. तो वास नंतर तासभर तरी गेला नाही, आणि काका आपले दर थोड्या वेळानं नाक चोळत होते.

इंजिन चालू ठेवून मिस्त्रीनं मीटर लावला. बॅटरीवर १४.१. पेटलेल्या बल्बाच्या पिनांवर १२.६.

"दीड व्होल्ट," तो म्हणाला. "दीड व्होल्ट मधेच कुणीतरी खातंय."

दीड व्होल्ट म्हणजे भिंतीवरच्या घड्याळातला एक सेल. ऐकायला किरकोळ. पण हॅलोजनच्या तारेचा हिशेब सरळ नसतो. व्होल्टेज दहा टक्के घटलं तर उजेड जवळजवळ एक तृतीयांश घटतो. शिवाय ही चोरी बल्ब पेटलेला असतानाच सापडते. बल्ब काढून नुसता होल्डर मोजला तर गंजलेल्या जोडातूनही मीटर पुरे १४ दाखवतो, आणि मग माणूस बल्बालाच खोटं ठरवतो. काकांचे तीन बल्ब बहुधा असेच बदलले गेले.

आता काळी पिन बॅटरीच्या मायनसवर, लाल पिन होल्डरच्या अर्थवर. मीटर १.२ वर थांबला. दीडातला सव्वाच्या आसपासचा वाटा एकट्या अर्थनं खाल्ला होता. बल्बातून गेलेला करंट बॉडीच्या पत्र्यातूनच बॅटरीकडं परततो. ती वाट चिंचोळी झाली की हेडलाइट आणि इंडिकेटर तिच्यात रेटारेटी करतात. मघाचं मिणमिणणं ते हेच.

मिस्त्री उजव्या मडगार्डाच्या आत अर्धा शिरला. बोल्ट सापडला. कधीतरी गाडी ठोकली होती. डेंटिंगवाल्यानं पत्रा रंगवला आणि अर्थची वायर त्या ताज्या रंगावरच आवळली. रंगातून करंट जात नाही. जिथं थोडा जात होता, तिथं तांब्याच्या तारांवर हिरवट पूड चढलेली. पॉलिश पेपरनं पत्रा चकचकीत होईस्तोवर घासला, वायरीला नवी थिंबल मारली, बोल्ट आवळून वर व्हॅसलीन फासलं. नवा होल्डर बसला. मीटर: १३.८.

मधल्या वेळात शेजारच्या टपरीवरच्या पोरानं सल्ला दिला होता, "एलईडी टाका की, पांढराशुभ्र पडतो." मिस्त्रीनं उत्तरादाखल हॅलोजन बल्ब उन्हात धरला, काचेला बोट न लावता, कारण बोटाच्या तेलकटपणानं तापलेली काच तडकते. डिपरच्या तारेखाली चमच्यासारखी पत्र्याची इवलीशी वाटी असते. ती खालचा उजेड अडवते, म्हणून समोरच्याच्या डोळ्यांत तिरीप जात नाही. "ही वाटी अन् ही तार जिथं हाय तिथंच पायजे. तुमच्या एलईडीत ती जागा चुकली की समोरचा आंधळा." गाळ्यात या मुद्द्यावर दुसरी बाजू मांडायला कोणी उरलं नाही.

अंधार पडता पडता काकांनी समोरच्या भिंतीवर लाइट मारून पाहिला. इंडिकेटर दिला. हेडलाइट ढिम्म हलला नाही.

"किती झाले?"

"होल्डरसकट अडीचशे."

"अन् नुसता बोल्टच घासला की रं!"

घासाघीस होऊन दोनशेवर मिटलं. नोटा देता देता काका म्हणाले, "एक बल्ब पण दे. असू दे जवळ."

मिस्त्रीनं बिस्किटांचा डबा ओढला, वरचाच एक बल्ब बॅटरीवर पेटवून दाखवला आणि कागदात गुंडाळून दिला. त्याचे पैसे घेतले नाहीत. काकांनी तो खिशात ठेवायच्या आधी एकदा कानाशी हलवून बघितला.