प्रश्न तिला नको, बाजार मांडणाऱ्याला विचारा!

येवल्यात १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली, हे नाशिक जिल्ह्यातील प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ आहे. त्यानंतर आठ महिन्यांनी, १६ जून १९३६ रोजी, ते मुंबईच्या दामोदर हॉलमध्ये देवदासी, जोगतिणी आणि कामाठीपुऱ्यातील भगिनींपुढे बोलले, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. हा धंदा सोडा, स्वाभिमानाने जगा, असे त्यांनी बजावले. समाज ज्यांना दारात उभे करत नव्हता, त्यांच्याशी ते समोरासमोर बोलले.

'सोडा' म्हणणे सोपे असते. सोडून जायचे कुठे, याचे उत्तर समाजाने आणि सरकारने द्यायचे असते. महाराष्ट्र सरकारने २००५ मध्ये डान्सबार बंद केले, पण तारांकित हॉटेलांना सूट दिली. म्हणजे श्रीमंतांसमोरचा नाच चालेल, गरिबांसमोरचा नाही! सर्वोच्च न्यायालयाने १६ जुलै २०१३ रोजी ही बंदी घटनाबाह्य ठरवली. बंदीमुळे ७५ हजारांहून अधिक महिला बेरोजगार झाल्या आणि अनेकींना पोटासाठी वेश्याव्यवसायात जावे लागले, अशी नोंद त्या निकालात आहे.

आता जपानकडे पाहू. तेथील प्रौढ चित्रफिती आपली मुलेही मोबाईलवर चोरून पाहतात. पडद्यावरची मुलगी तिथे कशी पोहोचली, हे कोणी विचारत नाही. मॉडेलिंगचे काम देतो म्हणून अनेकींच्या करारावर सह्या घेतल्या गेल्या आणि नकार दिला की दंडाची धमकी मिळाली. एका कंपनीने नकार देणाऱ्या मुलीकडे २ कोटी ४० लाखांहून अधिक येन मागितले. टोकियो जिल्हा न्यायालयाने २०१५ मध्ये तो दावा फेटाळला.

जून २०२२ मध्ये जपानने कायदाच केला. करारानंतर एक महिना चित्रीकरण करता येत नाही. चित्रीकरणानंतर चार महिने चित्रफीत प्रसिद्ध करता येत नाही. प्रसिद्धीनंतरही एक वर्षापर्यंत कलाकाराला कारण न देता करार मोडता येतो आणि कंपनी भरपाई मागू शकत नाही. थोडक्यात, बाहेर पडण्याची चावी तिच्या हाती दिली.

आपल्याकडेही १९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने देहविक्रय करणाऱ्या महिलांना सन्मानाने वागवा, छाप्यात त्यांची ओळख उघड करू नका, असे पोलिसांना आणि माध्यमांना बजावले.

सम्यक आजीविका सांगताना भगवान बुद्धांनी उपासकाला प्राण्यांचा आणि माणसांचा व्यापार वर्ज्य सांगितला. तिथे दोष व्यापार करणाऱ्याकडे आहे, विकली जाणारीकडे नाही. वैशालीची गणिका आम्रपाली हिचे भोजनाचे निमंत्रण त्यांनी स्वीकारले आणि लिच्छवी राजपुत्र मागे राहिले, हेही विसरू नये.

म्हणून तरुण मित्रांनो, छाप्याचे व्हिडिओ पुढे पाठवू नका. वस्तीतील मुलीला परदेशात किंवा मुंबईत कामाचे आमिष कोणी दाखवत असेल, तर एजंटाची नोंदणी तपासा, करार वाचून घ्या. अडकलेल्या भगिनीला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे न्या. तेथे महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. संकटात १८१ क्रमांक आहे. आणि बाहेर पडलेली भगिनी विहारात आली, तर तिला मागच्या रांगेत बसवू नका.

जय भीम!