तिरकस अधोगमन आणि सुमात्राचा विभंग

दोन भूपट्ट समोरासमोर आले, की त्यांतील जड सागरी पट्ट दुसऱ्याखाली जातो. या क्रियेस अधोगमन म्हणतात. परंतु ही गती खंदकाशी नेहमी काटकोनातच असते असे नाही. हिंदी महासागराचा तळ सुमारे उत्तरेकडे सरकतो. जावाचा खंदक पूर्व-पश्चिम असल्याने तेथे टक्कर जवळजवळ सरळ होते. सुमात्रापाशी मात्र खंदक वायव्येकडे वळतो, आणि तीच गती तेथे तिरकस ठरते.

अशा गतीचे दोन घटक कल्पिता येतात: एक खंदकाशी काटकोनातील, दुसरा त्याला समांतर. मंद उताराच्या विस्तीर्ण संपर्कपृष्ठावर दोन्ही घटक पेलण्यापेक्षा, समांतर घटकापैकी बराचसा भाग वरच्या पट्टातील एखाद्या उभ्या विभंगावर सोपवणे निसर्गास कमी श्रमाचे पडते. ज्वालामुखींच्या रांगेतील तप्त, दुर्बल खडकांत असा विभंग सहज रुजतो. ही श्रमविभागणी थॉमस फिच यांनी १९७२ मध्ये स्पष्ट केली.

सुमात्राच्या लांबीभर, बारिसान पर्वतरांगेतून सुमारे १,९०० कि.मी. गेलेला विभंग हे तिचे ठळक उदाहरण होय. तो आणि खंदक यांमधील भूभागाची चिंचोळी पट्टी वायव्येकडे सरकते. ईशान्येकडे उभ्या असलेल्या निरीक्षकास समोरची भूमी उजवीकडे गेलेली दिसेल. १८९२ च्या तापानुली भूकंपात डच सर्वेक्षकांनी रोवलेले स्तंभ असेच सरकलेले आढळले. भूपट्टांची कल्पना तेव्हा कोणाच्या स्वप्नीही नव्हती. उत्तरेस हीच हालचाल अंदमान समुद्रात पोचते आणि तेथील तळ फाकवते. म्हणून अंदमान-निकोबारचा प्रश्न याच गणितात येतो.

या विभागणीमुळे संकटही दुहेरी होते. २६ डिसेंबर २००४ रोजी संपर्कपृष्ठ सुमारे १,३०० कि.मी. फाटले. सुमात्रापाशी ही सरक मुख्यतः खंदकाशी काटकोनात होती. तिने समुद्रतळ उचलला आणि त्सुनामी उसळली. समांतर घटकाचे देणे मात्र त्याने फिटले नाही. जमिनीवरील विभंगाचे भूकंप आकाराने लहान असतात, पण ते उथळ असून वस्तीच्या पायाखालीच होतात. १९९४ चा लिवा येथील भूकंप याची साक्ष देतो. सागराकडे डोळे लावून बसलेल्या किनाऱ्याने पाठीमागच्या डोंगराचाही हिशेब ठेवला पाहिजे, हाच या विवेचनाचा व्यावहारिक निष्कर्ष होय.