वडिलांची रेल्वे, मुलाची कादंबरी

ऑस्ट्रेलियातील टास्मानियाचे कादंबरीकार रिचर्ड फ्लॅनागन यांचे वडील दुसऱ्या महायुद्धात जपान्यांचे युद्धकैदी होते. थायलंड आणि ब्रह्मदेश जोडणारा 415 किलोमीटरचा लोहमार्ग 1942-43 मध्ये ज्यांच्याकडून सक्तीने बांधून घेतला गेला, त्यांत तेही होते. उपासमार, कॉलरा आणि मारहाण यांनी 12,000 हून अधिक दोस्त राष्ट्रांचे कैदी तेथे मेले. आशियाई मजुरांची जीवितहानी याच्या कित्येक पट होती. त्यांत मलायातील मळ्यांवरचे तमिळ मजूर मोठ्या संख्येने होते, आणि त्यांची आठवण आजही फारशी काढली जात नाही.

याच लोहमार्गावर बेतलेली ‘द नॅरो रोड टू द डीप नॉर्थ’ ही कादंबरी लिहायला फ्लॅनागन यांना बारा वर्षे लागली. अनेक खर्डे त्यांनी नष्ट केले. जपानमध्ये जाऊन ते छावण्यांच्या माजी पहारेकऱ्यांनाही भेटले. कादंबरीचा नायक मात्र वडिलांची प्रतिकृती नाही. तो शल्यचिकित्सक आहे, शूर आहे आणि खाजगी आयुष्यात दुबळाही. पहारेकऱ्यांच्या मनातही लेखक शिरतो, ही या पुस्तकाची सर्वांत धाडसी बाजू. शीर्षक जपानी कवी बाशो यांच्या प्रवासवर्णनाचे आहे.

कादंबरी पूर्ण झाल्याचे कळले त्याच दिवशी वडील वारले. 2014 मध्ये तिला बुकर पुरस्कार मिळाला. पुढे ‘क्वेश्चन 7’ या आत्मपर पुस्तकात फ्लॅनागन पुन्हा वडिलांच्या कैदेकडे वळले.