शेअर अब्जावधींचे, खर्चाला पैसा कुठून?

एखाद्या उद्योगपतीची संपत्ती दिवसभरात हजारो कोटींनी घटली की लोक विचारतात, ‘एवढा पैसा गेला कुठे?’ पैसा कुठेच गेलेला नसतो. तो आकडा म्हणजे शेअरची संख्या गुणिले त्या दिवसाचा भाव. ती रोकड नव्हे.

मग खर्च पगारातून भागतो? मुकेश अंबानींनी 2020-21 पासून रिलायन्सचा पगार घेणे थांबवले. लाभांश मात्र मिळतो. 2023-24 साठी कंपनीने शेअरमागे 10 रुपये दिले. तेव्हा एकूण शेअर सुमारे 676 कोटी होते, त्यांतले निम्मे अंबानींच्या प्रवर्तक गटाकडे, म्हणजे 3,300 कोटींहून अधिक रक्कम त्या गटाच्या खात्यांत गेली.

‘त्यावर कर नसतो’ हेही चूक. 2020 पासून लाभांश घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरला जातो. अतिश्रीमंत व्यक्तीला अधिभारासह जवळपास 36 टक्के कर पडतो. वर्षाहून अधिक काळ ठेवलेले शेअर विकले, तर नफ्यावर 12.5 टक्के आणि अधिभार.

सर्वांत मोठा गैरसमज कर्जाबद्दल आहे. शेअर तारण ठेवून कर्ज काढले की मालकी टिकते, आणि कर्ज हे उत्पन्न नसल्याने त्यावर प्राप्तिकरही लागत नाही. म्हणून हा फुकटचा पैसा वाटतो. पण व्याज भरावेच लागते. भाव कोसळला तर जादा तारण द्यावे लागते, नाहीतर कर्ज देणारा शेअर विकून मोकळा होतो. 25 जानेवारी 2019 रोजी झी एंटरटेनमेंट कंपनीचा शेअर एका दिवसात 26 टक्क्यांनी पडला. प्रवर्तकांचे बरेचसे शेअर गहाण होते. कर्ज फेडण्यासाठी हिस्सा विकावा लागला आणि सुमारे 40 टक्क्यांची मालकी वर्षअखेरीस पाच टक्क्यांच्याही खाली आली.

अमेरिकेत मालकाच्या मृत्यूनंतर वारसासाठी शेअरची खरेदी किंमत त्या दिवशीच्या भावाने नव्याने धरतात, त्यामुळे आधीच्या वाढीवरचा भांडवली नफा कर कायमचा टळतो. भारतात वारसाला मूळ मालकाचीच खरेदी किंमत लागू होते. त्यामुळे शेअर न विकता आयुष्यभर कर्जावर जगण्याची तिथली युक्ती इथेही तशीच चालते, असे समजू नये.

सत्यम कंपनीतील हिशेब घोटाळ्यानंतर, 2009 मध्ये बाजार नियामक सेबीने प्रवर्तकांचे गहाण शेअर जाहीर करणे सक्तीचे केले. शेअर बाजारांच्या संकेतस्थळांवर दर तिमाहीला हा तपशील येतो. शेअर घेण्यापूर्वी तो जरूर पाहा.